बगळ्याचा कावळा

"डॉक्टरीणबाई, हे सांगून कुणाला पटायचं नाही," सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारत बगळेकाका म्हणाले, "पण मला एका माशाने काळं केलंय."

शेजारी बसलेल्या बायकोने मान डोलावली. घरून निघताना तसंच ठरलं होतं: बोलायचं त्यांनी, मान डोलवायची तिने. तीस वर्षांचा संसार याच वाटणीवर चालला होता.

चाळीस मीटर उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून ते जहाजांवरचा माल उतरवत, म्हणून गोदीने त्यांचा बगळा केला होता. गेले दोन महिने मात्र जो तो म्हणे, बगळ्याचा कावळा झाला. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि पुन्हा वर चढायला डॉक्टरांची सही हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात, टोपी घातल्यासारख्या. डोक्यातली पिट्युटरी हार्मोन पाठवून त्यांना कामाला लावते. त्या थकल्या, की ती आणखीच पाठवत सुटते. त्या जादा हार्मोनने कातडी काळवंडते. अशा माणसाला उभ्या उभ्या चक्कर येते. तसं असेल तर आधी रक्त तपासायचं, सहीचं मग बघू. येते चक्कर?"

"कसली चक्कर! ऊन लागलंय. गळाला असा मासा लागला, की होडीसकट मला ओढत निघाला. साडेतीन दिवस! डोक्यावर टोपी नाही. माझी सावलीसुद्धा कंटाळून पाण्यात उतरली."

मान डोलली.

"तळहाताच्या रेषाही काळ्या?"

"हात वर करून मदत मागत होतो ना!"

मान डोलली, जरा उशिराने.

"आणि हिरड्या?"

"मग काय, तोंड मिटून ओरडू?"

स्वतःच्याच उत्तरावर काका खदखदून हसले. डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. त्यांनी पेन उचललं, पण ते सहीच्या कागदाकडे न्यावं की रक्ततपासणीच्या, हे त्यांचं ठरेना. काका घाईने उठले, सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवायला. आणि अर्ध्यावरच टेबलाची कड धरून थांबले. तोंडावरचं हसू तसंच होतं. बोटांची टोकं मात्र पांढरी पडली होती.

बायको त्या बोटांकडे पाहत राहिली. या वेळी मान हलली नाही.

"होडी नव्हती," ती म्हणाली. "न्हाणीघरात पडले होते. दोनदा. मी उचललं."