झाकणाच्या भांड्याचा शोध

ईदचा शीरखुर्मा घरोघरी झेबाने वाटला आणि त्यात अम्मीचं काचेचं झाकणाचं भांडं गायब झालं. मामूने कुवेतहून आणलेलं ते भांडं अम्मी कुणाला हात लावू देत नसे. मामू वारल्यापासून तर मुळीच नाही. पण घरातल्या वाट्या संपल्या, म्हणून झेबाने ते गुपचूप नेलं आणि घाईत कोणाकडे दिलं तेच विसरली. ईद होऊन दोन दिवस झाले होते; अम्मीला पत्ता लागायच्या आत ते कपाटात परत जायला हवं होतं.

घाबरेल ती झेबा कसली! खारघरच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकत होती. अ‍ॅरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांत, हवी ती किंमत कशी शोधायची हे सरांनी नुकतंच शिकवलं होतं. पनवेलची त्यांची बिल्डिंग म्हणजे तरी काय, नंबर टाकलेले खणच. एकेक खण तपासत बसायचं ते आळशी डोक्यांनी. हुशार माणूस थेट मधला खण उघडतो आणि अर्धी रांग बाद करतो. तेव्हा बाईसाहेब तडक मधल्या मजल्यावर भीमाबाईंकडे गेल्या.

"आमच्याकडं नाय गो," भीमाबाई म्हणाल्या.

"मग वरच्या घरांत असेल की खालच्या?"

पोरीला ऊन लागलं की काय, अशा नजरेने भीमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मला काय ठाव? बस, च्या घे."

चहा पिताना झेबाला सरांचं पुढचं वाक्य आठवलं: ही युक्ती किमती क्रमाने लावलेल्या असतील तरच चालते. शेजाऱ्यांना क्रमाने कोण लावणार?

मग तळमजल्यापासून एकेक दार. कॉम्प्युटरला प्रत्येक खणात चहा घ्यावा लागत नाही, झेबाला लागला. कुठे चकली, कुठे केळं, आणि उत्तर सगळीकडे एकच. शेवटचं दार सत्यवतीकाकूंचं. एक हात पदराखाली ठेवून त्याही नाही म्हणाल्या.

एवढा चहा पिऊन झेबा रिकाम्या हातानेच जिना उतरू लागली. मामूची आठवण तिने हरवली होती. अर्ध्या जिन्यात मात्र ती थबकली. चूक प्रश्नातच होती. भांडं आहे का विचारल्यावर हो कोण म्हणेल? हो म्हटलं की लगेच द्यावं लागतं, आणि या बिल्डिंगमध्ये आलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.

ती पुन्हा वर गेली. "काकू, काही करायला घेतलंय का?"

सत्यवतीकाकू ओशाळल्या. "साटोऱ्या करणार होते गं तुमच्यासाठी. खवासुद्धा आणून ठेवलाय. पण या हाताने लाटू कशी?" पदर बाजूला झाला आणि प्लास्टर दिसलं. ओट्यावर भांडं होतं, घासूनपुसून लख्ख.

झेबाने पोळपाट पुढे ओढला. काकू सांगत गेल्या, ती लाटत गेली. पहिली फाटली, दुसरी करपली, बाकीच्यांनी जमेल तो आकार घेतला.

घरी आली तर अम्मी दारातच उभी. तिने भांडं दोन्ही हातांनी घेतलं, झाकण काढलं आणि एक साटोरी उचलून उजेडात धरली.

"साटोऱ्या म्हणजे सत्यवतीकडून आलं ना? पण ही तिने लाटलेली नाही."

"चुकले अम्मी," झेबा म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

अम्मीने साटोरी मोडून अर्धी तिला भरवली. अम्मीचे डोळे भरून आले होते. "कपाटातली रिकामी जागा मला ईदलाच दिसली. वाटलं, तुझ्या हातून फुटलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"कशी विचारू? तू हो म्हणाली असतीस तर?"