टीव्हीवरची वीण

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान होतं. पुढच्या भागात लांब टेबल, त्यावर वाफेची इस्त्री, मागे हँगरांची रांग. त्याच्याही मागे खिडकीजवळ एक खुर्ची आणि सुया-धाग्यांचा पत्र्याचा डबा. पुढे नवरा, मागे बायको. सगळी गल्ली त्यांना इस्त्रीकाका आणि रफूकाकू म्हणायची.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कपड्याला भोक पडलं की काकू त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायच्या आणि भोकावर पुन्हा कापड विणायच्या. आधी उभे धागे, मग त्यांतून वर-खाली जाणारे आडवे. नंतर काका त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबायचे की भोक होतं कुठे, हे सांगायला शोधूनही माणूस मिळायचा नाही. एकदा तर एक गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून म्हणालं होतं, "तुम्ही अजून काम केलेलंच दिसत नाही." काकू आठवडाभर हसत होत्या. त्यांच्या कामाला एवढीच काय ती दाद मिळायची. नीट झालेलं काम दिसतच नाही, तर वाखाणणार काय?

दोन वर्षांपूर्वी काकूंचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. झालंही तसंच. दार दिसे, खुर्ची दिसे, पण सुईकडे बघायला जावं तर नेमकी सुईच नाहीशी. भिंगं आणली, दिवे आणले, सगळ्यांनी हात टेकले. एका दुपारी काकूंनी पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. रडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. फक्त बोलणं कमी झालं. चाळीस वर्षं इस्त्रीच्या फुसफुशीवरून ज्यांची बडबड ऐकत काकांनी दिवस काढले होते, त्या आता चाचपून गुंड्या लावायच्या आणि गप्प बसायच्या. काकांना ती शांतता खायला उठायची.

काकांची पुतणी टीव्हीच्या दुकानात कामाला होती. घरोघरी जाऊन टीव्ही भिंतीवर चढवायचे, चालू करून द्यायचे. एका सुट्टीच्या सकाळी ती आपल्या नव्या घराचे फोटो दाखवायला आली. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक टीव्ही होता. दोन वर्षं काकूंसाठी तो फक्त बातम्या वाचायचा.

"काकू, फोनवर तुला दिसायचे नाहीत. थांब, टीव्हीवर टाकते."

"वायर कुठाय?" काकांनी विचारलं.

"वायर लागत नाही, काका. हवेतून जातं."

"मग आमची वीजसुद्धा हवेतून पाठवा म्हणावं."

पण काही केल्या जाईना. पुतणीने फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन दाखवायचा पर्याय उघडला, फोन शोधत राहिला, टीव्हीचं नाव काही येईना. तिने टीव्ही बंद करून पुन्हा लावला. तरी तेच. मग तिने टीव्हीचंच सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. टीव्ही अजून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या वायफायला जोडलेला होता आणि तिचा फोन दुकानाच्या.

"दोघं एका घरात असल्याशिवाय एकमेकांना ओळखत नाहीत," ती म्हणाली.

"आणि एका घरात असले तरी ओळखतातच असं नाही," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. काकांनी चमकून मागे पाहिलं. किती दिवसांनी असा टोला आला होता.

टीव्ही दुकानाच्या वायफायवर आला तसं फोनवर त्याचं नाव उमटलं. पडद्यावर चार आकडे आले, ते फोनमध्ये भरले, आणि फोनवर जे होतं ते भिंतीवर मोठं होऊन उभं राहिलं. काकू खुर्ची ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या. मान जराशी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्यांनी घर पाहिलं, खिडक्या पाहिल्या, स्वयंपाकघरातल्या फरश्या मोजल्या.

फोटो संपले. पुतणीने फोन टेबलाच्या काठावर टेकवला आणि नकळत तिचं बोट कॅमेऱ्याच्या खुणेवर पडलं. टीव्हीवर काकांच्या कोटाची बाही आली. कॅमेरा अगदी जवळ होता, त्यामुळे बाहीचा वीतभर तुकडा सगळ्या पडद्यावर पसरला.

पुतणी फोन उचलायला गेली.

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या. पडद्याजवळ गेल्या, मान इकडून तिकडे फिरवली. मग बोटाने काचेवर एक तिरपी रेघ ओढली.

"दोन वरून, एक खालून. वीण तिरकी आहे." मग म्हणाल्या, "आणि अहो, कोपराशी विरलाय तुमचा कोट. सांगितलं नाहीत ते?"

काकूंनी फळीवरून डबा काढून घेतला.

पहिल्या दिवशी सगळं मुसळ केरात गेलं. पुतणीने काकूंचाच फोन पुस्तकांच्या चवडीवर, कॅमेरा काठाबाहेर येईल असा आडवा ठेवला, खाली एक चिंधी पसरली, कॅमेऱ्यातलं चित्र मोठं केलं, फोनचा दिवा लावला. टीव्हीवर काकूंची बोटं भोपळ्याएवढी दिसू लागली. त्यांनी सुई घातली आणि बोटात टोचून घेतली. पुन्हा घातली, पुन्हा टोचली. हात पुढे जाई आणि चित्रातला हात मागून येई. पाचव्यांदा टोचल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली.

"हे असं का होतं?"

पुतणीने नीट सांगितलं. कॅमेरा बघतो, फोन ते चित्र गाठोड्यासारखं बांधतो, हवेतून पाठवतो, टीव्ही ते सोडून दाखवतो. एवढ्याला अर्धा क्षण लागतो. सिनेमा बघताना कळत नाही, सुईला कळतं.

"म्हणजे मी बघते ते होऊन गेलेलं असतं."

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि बोटाला चिंधी गुंडाळली.

पुतणी मात्र त्या उत्तरावर थांबणारी नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी कामावरून सुटून ती सरळ दुकानात आली. वायफायचा डबा जिन्याखाली कोंडलेला होता, तो तिने टीव्हीशेजारी आणला. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये खेळ खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय असते. त्यात टीव्ही चित्र नटवत बसत नाही, आलं तसं दाखवतो. ती तिने चालू केली. उशीर कमी झाला, संपला नाही. तारेने जोडून पाहावं तर काकूंच्या साध्या फोनमधून तारेवाटे चित्र बाहेर पडत नव्हतं.

फोन धरायला स्टँड हवा होता. तो काकांनी केला. इस्त्रीची वायर कपड्यांवर लोळू नये म्हणून ती वर उचलून धरणारा स्प्रिंगचा दांडा असतो, तसला एक जुना त्यांच्याकडे पडून होता. त्याला त्यांनी पँट अडकवायच्या हँगरचा चिमटा बसवला. फोन त्यात पक्का बसला, आणि हवा तसा वर-खाली होऊ लागला.

उरला होता तो अर्धा क्षण, आणि त्याचा उपाय काकूंनी एकटीने काढला. महिनाभर त्या चिंध्यांवर बसल्या. काका इस्त्री करता करता कान देऊन ऐकायचे. मागून पुटपुटणं यायचं, "चल... थांब. आलं. चल... थांब. आलं." हात एका टाक्यापुरता हलवायचा आणि थांबवायचा. चित्र मागून येऊन पोचलं की खात्री करायची आणि मगच पुढचा टाका. ज्या हातांना चाळीस वर्षं धावायची सवय, त्यांना सत्तरीत पावलापावलाने चालायला शिकवायचं, हे खायचं काम नव्हे. कधी मध्येच कुणाचा फोन यायचा आणि चिंधीच्या जागी पडद्यावर नाव झळकायचं. एकदा नेमक्या अवघड जागी भाडेकरूने शुभ सकाळ म्हणून फुलांचं चित्र पाठवलं. "घाला आता यालाच रफू," काकू म्हणाल्या. मग पुतणीने काम चालू असताना फोनवर काहीच येणार नाही अशी व्यवस्था करून दिली.

एके दिवशी टपाल वाटणारी बाई एक राखाडी लोकरी कोट घेऊन आली. छातीवर रुपयाएवढं जळकं भोक होतं. कोट तिच्या वडिलांचा. वय पंच्याऐंशी. शेकोटीची ठिणगी उडाली आणि कोट जळला. तेव्हापासून म्हातारबुवा घराबाहेर पडले नव्हते. दुसरा कोट घालायला तयार नाहीत, आणि जळका घालून चारचौघांत जायचं नाही.

"तीन दुकानांत विचारलं," ती म्हणाली. "ठिगळ लावतो म्हणतात. बाबा ठिगळ लावू देणार नाहीत."

काकांचं तोंड सवयीने नकारासाठी उघडलं. पण मागून आवाज आला, "ठेवून जा. पंधरा दिवसांनी ये."

बाई गेल्यावर काका हळूच म्हणाले, "अगं, चिंधी वेगळी. हा माणसाचा जीव आहे त्या कोटात."

"म्हणूनच ठेवून घेतला."

त्या दुपारी काकांनी इस्त्री बंद केली आणि स्टूल घेऊन मागे जाऊन बसले. आजवर काकूंचं काम त्यांच्या हाती आलं होतं ते पुरं होऊनच. काम चालू असताना बघायला जावं तर काकूंचं डोकं, काकूंचे खांदे आणि खाली कुठेतरी मुंगीएवढी हालचाल, एवढंच दिसायचं. आता सगळं समोर भिंतीवर होतं. जळक्या भोकाच्या कडा, तुटलेल्या दोरखंडांसारखे धागे. काकूंनी कोटाच्या आतल्या शिवणीतून एक धागा उपसला. तो केसासारखा नाजूक धागा पडद्यावर करंगळीएवढा जाड होऊन आला. सुई शिरली. दोन वरून, एक खालून. थांबली. पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा दोन वरून, एक खालून. तिरकी रेघ जुन्या कापडातून निघून नव्या विणीत चढली आणि पलीकडे पुन्हा जुन्या कापडाला मिळाली.

काकांना वाटायचं, ही हाताची सफाई आहे. आता त्यांनी पाहिलं की प्रत्येक धाग्याआधी काकू एक निर्णय घेतात. कुठला धागा ओढायचा, कुठला सैल सोडायचा, कुठे दोन धागे एकमेकांत विरू द्यायचे. एकेका कोटात असे शेकडो निर्णय, आणि कोट तर त्यांनी हजारो केले होते.

"तू हे असं करायचीस?" ते म्हणाले.

"नाहीतर कसं?"

"मला वाटायचं, मी इस्त्री दाबतो म्हणून भोक जातं."

काकू हसल्या. "त्यानेही थोडं जातं हो."

नवव्या दिवशी भोकाच्या मधोमध असताना चित्र गोठलं. पुतणी कामावर. काकांनी फोनवर काय करायचं ते आठवून आठवून केलं: आधी जोडणी तोडायची, मग पुन्हा टीव्हीचं नाव निवडायचं. तेवढ्या वेळात काकू थांबल्या नव्हत्या. बोटांच्या भरवशावर तीन धागे घालून मोकळ्या झाल्या होत्या. चित्र परत आलं तेव्हा दोन बरोबर होते. तिसरा चुकला होता, एक घर इकडे.

"राहू दे ना," काका म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला." त्यांनी तो धागा उसवला.

पंधराव्या दिवशी बाईबरोबर तिचे वडीलही आले. नुसत्या सदऱ्यावर, थंडीने आखडलेले. काकांनी शेवटची इस्त्री फिरवून कोट त्यांच्यापुढे धरला. म्हातारबुवांनी तो उजेडात नेला, छातीवरून अंगठा फिरवला, उलटा केला, सुलटा केला, आणि संशयाने विचारलं, "हा माझाच कोट का?"

"आतला खिसा बघा," काकू म्हणाल्या. "खालच्या शिवणीत कापड जरा विरळ झालंय. तिथले धागे वर आलेत."

म्हातारबुवांनी खिसा चाचपला. मग कोट अंगात घातला, वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या आणि थोडा वेळ तसेच ताठ उभे राहिले. मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले.

"हे केलंत कसं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न काकूंना जन्मभर लोक विचारत आले होते आणि जन्मभर त्या "हाताला सवय" म्हणून वेळ मारून नेत आल्या होत्या. दाखवणार कसं? एका वेळी एकच डोळा सुईजवळ जाऊ शकतो, आणि तो त्यांचाच असायचा. आज त्यांनी फोन चिमट्यात अडकवला, एक चिंधी खाली सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघा."

बापलेक पाऊण तास बसले. समोरची शिंपीण गुंड्या न्यायला आली होती, ती दारातच खिळली. दुसऱ्या दिवशी ती आपली सुई घेऊन आली. मग पुतणीही सुट्टीच्या दिवशी बसू लागली. आता फोनखाली शिकणाऱ्याचे हात असायचे आणि काकू टीव्हीपुढे मान तिरकी करून बसायच्या. कुणाचा कुठला धागा चुकला, हे त्या चित्र पोचताक्षणी सांगायच्या. बोलणं तर इतकं वाढलं होतं की गिऱ्हाइकांना काकांशी बोलायला आवाज चढवावा लागे.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काकांनी इस्त्री बंद केली, हात धुतले आणि फोनखालच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर चिंधी ओढली. सुईत दोरा ओवायलाच त्यांना दहा मिनिटं लागली. काकू पडद्याकडे बघत थांबल्या.

पहिली ओळ घालून झाली. काकांनी मान वर केली.

"कशी आहे?"

काकूंनी डोळ्याच्या कडेने ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"उसवा," त्या म्हणाल्या. "आणि दोरा इतका आवळू नका. कापड आहे ते, पळून नाही जात."

काकांनी सुईच्या टोकाने पहिला धागा उचलला आणि उसवायला घेतला.