निळी राणी आणि जानेफळचा टीव्ही

मित्रांनो, माझ्या पडद्याच्या उजव्या कडेला वरून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. ती चित्रातली नव्हे, माझी स्वतःची आहे. वय झाले की माणसाचे गुडघे दुखतात, आमच्या जातीत अशी रेघ उमटते. मी एक जुना टीव्ही आहे. मेहकर तालुक्यातल्या जानेफळ गावी, भागवतरावांच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझा डावा स्पीकर केव्हाच बसला, त्यामुळे मी एकाच बाजूने बोलतो. तरीही या घरात माझ्याइतका मान दुसऱ्या कुणाला नाही, असे माझे मत आहे. फ्रिजचे मत वेगळे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत यायचे, कुणी स्क्रू पिळायचे, कुणी तार जोडायची. शेवटी एका मुलीने माझ्या पडद्यावर रंगांचे पट्टे लावून पाहिले आणि मान डोलावली. ती माझी आयुष्यातली पहिली शाबासकी. पुढे मेहकरच्या एका दुकानात मी बरेच दिवस भिंतीवर टांगलेला होतो. ज्या वर्षी सोयाबीन बरे पिकले, त्या वर्षी भागवतराव मला घ्यायला आले. जीपच्या मागच्या सीटवर मी आणि पुढे ते. जानेफळ येईपर्यंत ते वळूनवळून माझ्याकडे पाहत होते.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. भागवतरावांच्या पत्नी पुष्पाबाई मला रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसत. शेजारच्या विमलबाई येऊन म्हणाल्या, "काय चित्र हाय वो, माणसं घरात आल्यासारखी वाटते." मी फुगून गेलो. गर्वाचे घर खाली, हे तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते.

मग पुष्पाबाईंचे डोळे बिघडले. आधी कडेचे दिसेना, मग मधलेही धूसर झाले. काचबिंदू हा चोरपावलांनी येणारा रोग. कळले तेव्हा उशीर झाला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण शेवटी उजेड आणि अंधार एवढेच बाईंना कळायचे राहिले. मला त्या काळात फार वाईट वाटायचे. ज्या घरची मालकीण आपल्याला पाहू शकत नाही, तिथे टीव्हीने करायचे तरी काय?

भागवतरावांनी त्यांच्यासाठी घरगुती मालिका लावून पाहिल्या. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सासू-सुनांची भांडणं ऐकाले टीव्ही कायले पायजे? विमलबाईच्या अंगणात जाऊन बसलं की झालं."

एके दुपारी मात्र माझ्यावर चुकून एक वेगळीच सिरीज लागली. त्यात बोलणारी झाडे होती आणि आग ओकणारा राक्षस होता. आवाज हिंदीत होता. बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. भागवतराव हळूहळू पडद्यावरचे सांगू लागले, "आता तो डोंगरावरून खाली येऊन राह्यला. पंख केवढे? आपल्या खळ्याएवढे." संपल्यावर त्यांनी विचारले, "तुले हे काऊन आवडलं वो?"

"राक्षस तुमी कधी पाह्यला का?" बाईंनी विचारले.

"नाही."

"मीबी नाही. मंग इथं आपून दोघं बराबर."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला पुन्हा माझे काम सापडले. तेव्हाच मोताळ्याला दिलेली त्यांची लेक सुचिता माहेरी आली आणि तिने माझ्या पाठीत एक काडी खुपसली. त्या काडीने मला इंटरनेट मिळाले आणि माझ्या पडद्यावर एकदम ॲपची कितीतरी दुकाने मांडली गेली. एक दुकान मोबाइलच्या रिचार्जबरोबर आत घ्यायचे, दुसरे दारातच पैसे मागायचे, तिसरे पहिला भाग दाखवून पुढच्यांना कुलूप लावायचे. भागवतरावांनी सगळी दुकाने पालथी घातली. त्यांची पारख साधी होती. पोस्टरवर धुके, तलवार आणि पंख यांपैकी दोन गोष्टी तरी दिसल्या पाहिजेत. दिसल्या की ते लावून बघत, आणि आवाज हिंदी निघाला की स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत, "पुष्पे, ये वो, सापडली." एकदा धुके आणि पंख पाहून लावले, तर तो पाणपक्ष्यांवरचा माहितीपट निघाला. बाईंनी तोही शेवटपर्यंत ऐकला.

कृषी केंद्रात फवारणीचे औषध घ्यायला गेले, तरी भागवतराव चारचौघांत विचारत, "राक्षसाची नवीन सिरीज कोन्या ॲपवर आली बे?" लोक हसत. तेही हसत, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलत नसत.

पण खाऊन संपणार नाही असे कोठार कुठे असते? हिंदीतल्या सगळ्या सिरीज बघून संपल्या. बाई रोज जेवताना विचारत, "काई सापडलं का नवीन?" आणि भागवतरावांचा घास हातातच राही. अशात त्यांना निळ्या झग्यातल्या राणीची सिरीज दिसली. पोस्टरवर धुके, तलवार, पंख, तिन्ही होते. मात्र आवाज फक्त इंग्रजी होता आणि खाली इंग्रजीच अक्षरे येत होती.

"हिंदीत हाय का?" बाईंनी विचारले.

"इंग्रजीत हाय. पण खाली लिहून येते. मी वाचून सांगतो न तुले," भागवतराव म्हणाले.

भागवतराव बियाण्याच्या पिशवीवरचे इंग्रजी वाचू शकतात. पण पिशवी जागची हलत नाही. माझ्या पडद्यावरची अक्षरे मात्र त्यांची पहिली दोन वाचून होईपर्यंत पळून जात. पहिल्या भागात ते घामाघूम झाले. दुसऱ्या भागात त्यांनी अक्षरांचा नाद सोडला, माझा आवाज बारीक केला आणि माणसांची तोंडे बघून मनानेच गोष्ट सांगायला सुरुवात केली.

आणि काय गोष्ट ती! निळी राणी सासुरवासाने पिचलेली. पांढऱ्या दाढीचा म्हातारा तिचा मामा, जीव लावणारा. राणीच्या हातात सदैव एक चांदीची डबी असे. भागवतराव म्हणाले, त्या डबीत बी आहे. थंडीने राज्यातले सगळे बियाणे मेले, एवढेच उरले, आणि ते पेरायला राणी उबदार जमीन शोधते आहे. खरी गोष्ट माझ्याच पोटातून जात होती, त्यामुळे मला ती ठाऊक होती. खरी राणी कपटी होती, म्हाताऱ्याशी तिचा उभा दावा होता आणि डबीत विष होते. पण भागवतरावांचे ऐकताना मी माझीच गोष्ट विसरून जायचो. बाई तर भाकरी थापताना मध्येच थांबून म्हणत, "आता तरी पेरणी झाली का त्या बाईची?" विमलबाईंनाही त्यांनी सगळी गोष्ट सांगितली होती.

दिवाळीला सुचिता आली. आईला काय आवडते हे तिला ठाऊक होते. "आई, ते राणीवाली सिरीज दुसऱ्या ॲपवर हिंदीत आली. आता बाबाले वाचत बसायचं काम नाही," असे म्हणून तिने नवऱ्याच्या मोबाइलवरून नंबर टाकून ते दुकान उघडले आणि पहिल्या भागापासून सिरीज लावली. भागवतराव तेव्हा शेतात गेले होते. माझा आवाज पुष्कळ दिवसांनी मोठा झाला होता, म्हणून मी खुशीत होतो.

ते परत आले, तेव्हा राणी म्हाताऱ्याला म्हणत होती, "तुझ्या पेल्यात मी विष घातले आहे." भागवतराव उंबऱ्यातच थांबले. पुष्पाबाईंनी त्यांची पावले ओळखली.

"हा मामाच का?" त्यांनी विचारले.

सुचिताला वाटले आई गंमत करते आहे. ती हसून म्हणाली, "मामा कोठचा? तो दुश्मन हाय तिचा."

"अन् डबीत बी नाही?"

"बी कशाचं? जहर हाय त्याच्यात."

पितळ उघडे पडले होते. बाईंनी हात पुढे करून सांगितले, "बंद कर ते." मग त्यांनी भागवतरावांकडे तोंड वळवले. आवाज बारीक होता. "तुरीले फूल आलं म्हणे. तेबी असंच का?"

"नाही वो. तूर खरंच फुलली."

"मले काय मालूम? टीव्हीतलं तुमीच सांगता अन् वावरातलंबी तुमीच सांगता."

माझी विनोदबुद्धी तिथे संपली. बाईंचे दुःख राणीबद्दल नव्हतेच. ज्या डोळ्यांवर त्यांचा दिवस चालत होता, त्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता.

सुचिता भाऊबीज झाल्यावर मोताळ्याला परत गेली. जाताना तिला फार चुकल्यासारखे वाटत होते. त्यानंतर बाईंनी भागवतरावांना काही विचारणेच सोडले. लुगड्याचा रंग त्या विमलबाईंना विचारत. दूध वर आले का, ते भांड्याला हात लावून पाहत आणि बोटे पोळून घेत. भागवतराव आपणहून काही सांगायला गेले, तर "असंन," एवढेच म्हणत. माझ्यावर एक जुनी चादर पडली. चादरीखाली धूळ बसते, हे लोकांना का कळत नाही कोण जाणे. पण खरे सांगतो, मला तेव्हा धुळीचे काही वाटत नव्हते. समोर दोन माणसे एकाच खोलीत बसून परक्यासारखी जेवत होती, त्याचे मला वाईट वाटत होते.

एके दुपारी भागवतराव शेतातून आले आणि टोपी काढून बाईंसमोर जमिनीवर बसले.

"वरच्या वावरातली तूर फुलली," ते म्हणाले. "खालच्या वावरातली नाही. तिथं पाणी साचून जळून गेली. मी तुले सांगतलं नव्हतं."

बाई तांदूळ निवडायचे सूप बाजूला सारून बसल्या. "अजून?"

"विमलबाई तुले निळं म्हणते ते लुगडं आता निळं राह्यलं नाही. विटलं पार."

"अजून?"

भागवतराव समोरच्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "तुह्या मायचा फोटो."

तो फोटो माझ्या अगदी समोर आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि काचेच्या आत बुरशी शिरली. आईचा तो एकच फोटो. बाई रोज विचारत, "फोटोवर धूळ तं नाही न?" आणि भागवतराव सांगत, "नाही वो, लख्ख पुसला." धूळ खरोखरच नव्हती.

"अर्धा गेला," भागवतराव म्हणाले. "मले सांगाची हिंमतच झाली नाही."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारले, "डोळे राह्यले का?"

"एक राह्यला. डावा."

"अन् कुंकू?"

"कुंकू दिसते. पुरं दिसते."

त्यांनी फोटो काढून मागितला. भागवतरावांनी आणून हातात दिला. काचेवरून बोटे फिरवत त्या म्हणाल्या, "डावा कुठं हाय, माहं बोट ठेवा तिथं." भागवतरावांनी ठेवले. भागवतराव रडत होते हे बाईंना न दिसताही कळले.

"आइका," बाई म्हणाल्या. "घरातलं अन् वावरातलं मले खरंच सांगत जा. वाईट असलं तरी. राणीच्या राज्यातलं तुमच्या मनानं सांगा, मले त्याचं काई नाही. पण दोन्हीची खिचडी करू नका. माह्यापाशी तुमच्याबिगर दुसरे डोळे नाहीत."

"हाव," भागवतराव म्हणाले.

"मंग आता सांगा, मी कशी दिसते?"

भागवतरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "केस पांढरे झाले. गाल बसले. बोटं पोळल्यानं लाल हायेत."

"हे खरं का मनाचं?"

"खरं."

"अन् चांगली दिसते का?"

"हाव."

"हे?"

"हेबी खरंच."

बाई हसल्या. त्याच संध्याकाळी माझ्यावरची चादर निघाली. आता सुचिता आली की ती राणीला हिंदीत लावते आणि राणी आपल्या आवाजात खुशाल विष कालवते. एरवी भागवतराव माझा आवाज पूर्ण बंद करतात. माझे चित्र बाईंना दिसत नाही, माझा आवाज कुणी ऐकत नाही, तरी मी रोज लागतो. बाई मध्येच विचारतात, "हे खरं का मनाचं?" आणि भागवतराव प्रामाणिकपणे सांगतात, "मनाचं." मग त्या आणखी पुढे सरकून बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी जुना भाऊबंद असेल, तर त्याला मऊ कोरड्या फडक्याने पुसा, आणि वीज कडाडू लागली की त्याची पिन काढून ठेवा. त्याहून मोठी विनंती ही, की घरातले कुणी तुमच्या डोळ्यांनी जग पाहत असेल, तर त्या माणसाला जपा. भिंत ओली असेल तर ओली आहे असेच सांगा. मग तुम्ही राक्षस उडाला म्हणालात, तर त्याच्यासाठी तो खरोखर उडेल.