जांभळ्या दिव्याखालचे रुमाल

किरगिझस्तानातल्या कोचकोर गावच्या जुन्या नाट्यगृहात त्या दिवशी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. निम्मे लोक खोकत होते आणि खिडक्या मात्र घट्ट बंद होत्या, कारण नूरबाबांना अंधार लागे. व्यासपीठावर जांभळा दिवा आणि त्यामागे काळ्या झग्यातले बाबा. या महात्म्याचं खरं नाव मामासादिक. परवापरवापर्यंत तो बिश्केकच्या एका नाचघरात दिवे लावायचा. आता लोकांची फुप्फुसं उजळत होता.

"फुंका लेकरांनो, आतला मळ बाहेर फुंका!"

बाबांनी दिलेल्या रुमालावर रोगी फुंकर मारी. रुमाल दिव्याखाली धरला की निळाशार पेटून उठे. "हा बघा क्षय! कसा चमकतोय चोर!" मग काही बैठका त्या उजेडात काढायच्या. शेवटच्या बैठकीचा रुमाल फुंकूनही न चमकता काळाच राही. "गेला! फुप्फुस चांदीचं झालं!"

मागच्या रांगेत क्षयाच्या दवाखान्यातली डॉक्टर नुर्झात दात-ओठ खात बसली होती. तिचा रोगी तालाय असाच एक काळा रुमाल मिळवून गोळ्या बंद करून बसला होता. घरात तान्ही मुलगी त्याच्याच उशाशी झोपत होती. नुर्झात समजवायला गेली, तेव्हा त्याची बायको काल्बूबू फणकारली, "ताई, तुमच्या दवाखान्यातही दिवा आहेच की! तुमचा दिवा औषध आणि बाबांचा मात्र ढोंग?"

नुर्झातने तिच्याकडून तालायचे पहिल्या आणि शेवटच्या बैठकीचे दोन्ही रुमाल मागून घेतले आणि वाण्याच्या नोटा तपासायच्या दिव्याखाली धरले. एक पेटला, दुसरा नाही. पण तिचा स्वतःचा धुतलेला कोटही तसाच पेटला, आणि तिला हसू आवरेना.

आता ती तरातरा व्यासपीठावर चढली. बाबांजवळ रुमालांचे दोन गठ्ठे होते, एक पहिल्या बैठकीचा, एक शेवटच्या. पहिल्या गठ्ठ्यातला न फुंकलेला रुमाल उचलून तिने दिव्याखाली धरला. भक्कन निळा!

"बाबा, हा आजार कोणाचा?"

"सभागृहातला मळ चिकटलाय, मुली."

"अस्सं?" तिने शेजारच्या गठ्ठ्यातला रुमाल धरला. काळाच. "या मळाला हे रुमाल आवडत नाहीत वाटतं?"

खसखस पिकली. बाबांनी रागाने तोंड उघडलं आणि त्यांचे दात निळे लखलखले.

"अगं बाई! बाबांच्या दातांनाही क्षय?" कोणी म्हातारी ओरडली.

नुर्झातने खिशातून बाटली काढली. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी. काळ्या रुमालावर चार थेंब टाकताच तिथे निळे ठिपके चमकले.

"पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, तेच या दिव्याखाली चमकतं. दातही चमकतात. एक गठ्ठा पावडरीने धुतलेला, दुसरा नुसत्या पाण्याने. झाला चमत्कार!"

काल्बूबू उभी राहिली. "मग तुमचा दिवा काय करतो?"

"तो वेगळा, जंतू मारणारा. डोळ्यांना, कातडीला इजा करतो म्हणून पेटीत बंद. पंखा खोलीतली हवा आत ओढतो. आतल्या जाळीवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीचा लेप आहे. प्रकाश पडला की त्या लेपावर आलेले जंतू नष्ट होतात. त्याने हवा धुतली जाते, काल्बूबू. तालायच्या छातीतला जंतू फक्त गोळ्यांनीच मरतो."

बाबा मागच्या दाराने सटकत होते. लोकांनी त्यांना झग्यासकट पोलिसांकडे नेलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तपासणीत तान्हीलाही लागण निघाली. तालाय दवाखान्याच्या पायरीवर लहान मुलासारखा रडला आणि मग निमूट गोळ्या घेऊ लागला. लेक वाचली, कारण औषध वेळेत सुरू झालं. बाबांच्या उजेडाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

कोणी चमत्कार दाखवला तर तोंड वासून बघत बसू नका. न फुंकलेला रुमालही धरून दाखव, म्हणून सांगा. जो ते करायला तयार नाही, त्याच्या शब्दावर घरातली एक गोळीसुद्धा बंद करू नका.