दुखण्याची गोळी

"भाऊजी, हे पट्टी दाखवजा अन् अशाच दोन आणजा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

रूपराव सायकलला डबा अडकवत होते. डब्यात रात्रीचीच भाकर होती. देवळीच्या बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. गल्लीतल्या बायका सकाळी त्यांच्या हाती गोळ्यांची रिकामी पट्टी द्यायच्या. मेडिकलवाल्याला ती दाखवली की तशीच भरलेली मिळायची. गोळीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हिरवी पट्टी म्हटलं की झालं.

त्यांची बायको नलू वारल्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून कुणी पट्टी दिली नव्हती. प्रमिलाबाई मोठ्या भावाची बायको, त्यांचा हक्क होता.

पट्टी हिरवीच होती. रूपरावांची नजर खाली गेली. वहिनींच्या पायात चपलेचे पट्टे रुतले होते.

"पाय सुजले काय?"

"वय झालं आता. नळावरून पानी आणतानी दम लागते. डॉक्टरनं बीपीची देल्ली, पण गुणाची म्हणाल तर हेच. घेतली का दिवसभर कापूस वेचाले मोकळी."

नलूही असंच म्हणायची.

दम लागतो म्हणून तिला वर्ध्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोघांनाही विचारलं होतं, आणखी कोणती औषधं चालू आहेत? नलू नाही म्हणाली. रूपरावही नाही म्हणाले. त्यांना काही लपवायचं नव्हतं. गुडघ्याच्या गोळीला घरात कुणी औषध म्हणतच नव्हतं. चहासारखी होती ती. नलू घरी आली आणि डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत तीही घेत राहिली. संपली तेव्हा रूपरावांनीच नवी आणून दिली. पुन्हा नेलं, ते शेवटचं. तिच्या पिशवीतून पट्टी खाली पडली, ती डॉक्टरांनी उचलली.

"ही कधीपासून?"

"सहा वर्षं झाले."

"अहो, मी विचारलं होतं ना? हिनं अंगात पाणी साचतं. थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही."

"ते औषध नाई जी. दुखण्याची गोळी हाये."

रूपरावांनी नंतर हे कुणाला सांगितलं नाही.

"वहिनी, चाला. वर्ध्याले जाऊ, डॉक्टरकडे."

"येडे झाले काय? आज वेचणी हाये."

"हे गोळी मी नाई आणत."

"काऊन? नलूले बरी आणत होते!"

रूपरावांनी सायकल स्टँडवर लावली. हँडलचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"आणत होतो," ते म्हणाले. "डॉक्टरनं इचारलं, तवा सांगतलं नाई. तिच्या दिलावर जोर पडून राह्यला होता, अन् मी पट्ट्या आणून देत होतो. तिचे पाय असेच झालते."

प्रमिलाबाई ओट्यावर बसल्या. बराच वेळ पायांकडे बघत राहिल्या.

"तुमाले कोठं मालूम होतं, भाऊजी."

थोड्या वेळानं प्रमिलाबाई उठल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

दवाखाना तोच होता, डॉक्टरही तेच. त्यांनी रूपरावांना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. प्रमिलाबाईंचा पाय बोटानं दाबून पाहिला. खळगा पडला तो लवकर भरला नाही.

"आणखी कोणती औषधं चालू आहेत?"

"बीपीची एक. बाकी काई नाई जी," प्रमिलाबाई सवयीनं बोलून गेल्या.

रूपरावांनी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"हे हाये," ते म्हणाले. "रोजची. चार वर्षांपासून. मीच आणत होतो."

डॉक्टर लिहू लागले. वर पंखा जोरात फिरत होता. रिकामी पट्टी उडू नये म्हणून रूपरावांनी तिच्यावर बोट दाबून धरलं. लिहून झालं तरी त्यांनी ते काढलं नाही.