नाव घेतलं नव्हतं

"आधी दार लाव गं."

आत्याचा हा आवाज तिच्या भाचीच्या, सुईच्या, कानात अजून आहे. आत्या बायकांचे कपडे शिवायची. कोणी माप द्यायला आलं की छोट्या भाचीने उठून कडी घालायची, हा घरचा नियम होता. आत्याच्या गळ्यात फीत, कानावर पेन्सिल. आकडे ती वहीत लिहायची, तोंडाने कधी म्हणायची नाही. मग मशीनच्या तालावर गुणगुणायची:

सुई गं सुई, आत जाई, बाहेर येई,
फाटलं ते शिवून देई, कुणाला सांगत नाही.

त्यावरूनच भाचीला सुई म्हणू लागले. पुढे आत्या गेली, मशीन थांबलं, नाव तेवढं उरलं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सुई ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रार्थनामंडळाची प्रमुख होती. दर बुधवारी दुपारी चारला जुन्या रसायन प्रयोगशाळेत वीसेक मुलं-मुली जमायची. आम्लाने डागाळलेली टेबलं, थेंबथेंब गळणारा नळ, फुगून न लागणारं दार. गाणी व्हायची, वचन वाचलं जायचं आणि शेवटी यायचे 'विषय', म्हणजे कोणासाठी काय मागायचं त्याची यादी. यादी सुई वाचायची. "प्रार्थनेसाठीच सांगते हं," असं म्हणून ती आवाज खाली आणायची आणि अख्खी खोली पुढे झुकायची.

त्या वर्षी मंडळात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. सगळे तिला नवी म्हणायचे. एकदा हॉस्टेलच्या जिन्यात तिने सुईचा हात धरला आणि सांगितलं, की तिचे वडील तुरुंगात आहेत. दारू पिऊन ट्रक चालवला, त्यात एक माणूस गेला. "कोणाला सांगू नकोस हं ताई," ती म्हणाली. सुईने शब्द दिला. मी फक्त प्रार्थना करेन, म्हणाली.

बुधवारी यादीत सहावा विषय होता: आपल्या एका नव्या बहिणीचे वडील तुरुंगात आहेत. पुढे दारूही आली, ट्रकही आला, मेलेला माणूसही आला. नाव तेवढं सुईने घेतलं नाही. मात्र मंडळात नवी बहीण एकच होती.

गुरुवारी कॅन्टीनच्या रांगेत नवीला बघून कोणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा रे, ट्रक आला." शुक्रवारी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने आपली गादी उचलून दुसरी खोली गाठली. पुढच्या बुधवारी यादी सुरू होताच नवी आत येऊन उभी राहिली. बसली नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी कायमची घरी चाललेय, तेवढं सांगायला आलेय, म्हणाली.

"मी तुझं नाव घेतलं का?" सुईने विचारलं.

"घ्यायला ठेवलं होतंस काय शिल्लक?"

गिटार वाजवणारा मुलगा तडकला. "तुझ्या बापासाठी आम्ही गुडघे टेकले आणि तू आमच्याशीच भांडतेस?"

"टेकलेत ना. मग उठलात आणि थेट कॅन्टीनला गेलात."

ती निघून गेली. सुईने मान खाली घालून पेन काढलं. यादीच्या तळाशी तिने आठवा विषय लिहिला: नव्या बहिणीच्या मनातला राग जावा म्हणून.

तेवढ्यात किल्लीकाका आत आले. प्रयोगशाळा उघडायची, बंद करायची, हे त्यांचं काम. दर बुधवारी ते बाहेर स्टुलावर बसायचे. ते कोणत्या देवाला मानतात, हे तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"हे दार लागत नाही," ते म्हणाले. "म्हणून तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात काय चाललंय, मला तोंडपाठ आहे. सांगू मोठ्याने? नाव नाही घेणार."

गिटारवाल्याने तारांवर हात ठेवला.

"नको ना? मग त्या पोरीचं कसं चाललं? तुमच्या देवाला न सांगता कळतं, असं तुम्हीच गाता. मग यादी वाचून ऐकवता कोणाला? मला?" ते सुईकडे वळले. "आणि बाई, एक राहिलंच. तीन वर्षं ऐकतोय. तुझं स्वतःचं एकही दुखणं या कागदावर आलं नाही. दुसऱ्यांची मात्र तू काय गोड वाचतेस."

सुईच्या कानात आत्या पुन्हा बोलली. आधी दार लाव गं. ज्या घरात ती कडी घालायला शिकली, तिथली ती, आणि हे करून बसली! तिने यादीची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती हॉस्टेलकडे पळत सुटली.

वाचकहो, प्रार्थनामंडळ तुमचं असेल किंवा नसेल, 'विषय' तुमच्याही घरात वाचले जातात. "काळजी वाटते म्हणून सांगते" म्हणत आपण शेजारणीचं दुःख वाटून खातो आणि नाव घेतलं नाही म्हणून हात झटकतो. दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं दुःख ही मापाची वही आहे. ती मिटूनच ठेवायची असते. मोठ्याने सांगायचंच असेल, तर माणसाने आपलं सांगावं. त्या मंडळाने पुढे तसाच नियम केला आणि दाराची फुगलेली कड रंधा मारून घेतली. नवी सकाळच्या गाडीने गेली नाही, हे खरं. पण सुईशी ती कित्येक महिने बोलली नाही, हेही तितकंच खरं.

त्या संध्याकाळी मात्र नवीची पेटी पलंगावर उघडी होती. सुई आत शिरली आणि सवयीने दार लोटायला वळली.

"उघडंच राहू दे," नवी म्हणाली. "तुमच्यात सगळ्यांसमोर बोलायची पद्धत आहे ना?"

बाहेर मुलींच्या चपला थबकल्या. सुईने दारावरचा हात काढला.

"माफ कर म्हणायला आलीस? ते तुझ्या देवाला म्हण."

"आधी खरं सांगते, मग तू ठरव," सुई म्हणाली. बाहेरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "मला तुझा कळवळा नव्हता आला. यादी वाचताना सगळे माझ्याकडे बघायचे, श्वास धरून बसायचे. आत्या गेल्यापासून माझ्याकडे तसं कोणी बघितलंच नव्हतं. मला ते हवं होतं. तू जिन्यात माझा हात धरून रडत होतीस ना, तेव्हाच मी मनात बुधवारचं वाक्य जुळवत होते."