ओझं खाली न ठेवणारा मुंगळा

गास गावात लग्नाचा गाऊन शिवायचा असला की लोक क्लेमेंटीनकडे येतात. तिचं मशीन पडवीत असतं आणि पडवीसमोर आंब्याचं झाड. त्या झाडावर तांबडे मुंगळे. पानं ओढून एकमेकांना लावायची, पांढऱ्या धाग्याने शिवायची आणि आत राहायचं, असा त्यांचा संसार. तिच्या नवऱ्याला, गॉडफ्रेला, ते डोळ्यांसमोर नको असत, कारण आंबे काढताना चावा बसे तो त्यालाच. क्लेमेंटीन मात्र हातशिलाई करता करता त्यांच्याकडे बघत बसायची.

गाऊनच्या गळ्यांचे, बाह्यांचे फोटो काढायला तिच्याकडे एक छोटा डिजिटल कॅमेरा होता. खिशात मावणारा, बारा वर्षं जुना. फोनमध्ये पांढरं सॅटिन निळसर दिसतं असं तिचं म्हणणं होतं, त्यामुळे तिने हा कॅमेरा टाकला नव्हता.

मार्चमध्ये एका सकाळी तिला खालच्या फांदीवर एक मुंगळा दिसला. तोंडात काहीतरी धरून चालला होता. ते ओझं जवळजवळ त्याच्याएवढंच लांब होतं, तांबूस, टोकाला काळे ठिपके. मेलेला सोबती उचलून नेत असेल, असं तिला वाटलं. दुपारी जेवून ती परत आली तर तो त्याच फांदीवर, ओझं तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"एवढं वजन घेऊन फिरतो, खाली का ठेवत नाही?" ती गॉडफ्रेला म्हणाली.

"विचार त्याला," तो म्हणाला. "आणि लवकर विचार. आंबे काढायच्या आधी काळूरामकडून झाड साफ करून घेणार आहे मी."

तिने छोटा कॅमेरा जवळच्या फोटोसाठी असते त्या फुलाच्या खुणेवर लावला आणि पार बोटभर अंतरावर नेला. मुंगळा मिळाला, पण संगणकावर मोठा करून बघितला की तोंडाच्या जागी नुसते तांबडे-पिवळे चौकोन उरत. वीस फोटो काढले, वीसही तसेच.

झाडाचा अंदाज घ्यायला काळूराम आला तेव्हा तिने त्यालाही विचारलं. पन्नास वर्षांचा हा माणूस आसपासच्या वाड्यांतली झाडं चढून उतरलेला होता.

"तो व्हय? तो चावत नाय," काळूराम म्हणाला. "हातावर आला तर उडी मारून जातो. बाकीचे कडकडून चावतात, ह्यो नाय."

"मुंगळा उडी मारतो?"

"ह्यो मारतो. कोन हाय कोनास ठाऊक."

त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही. सकाळी लेस आणायचं निमित्त करून ती रिक्षाने माणिकपूरला गेली आणि आधी शेल्डनच्या स्टुडिओत शिरली. शेल्डन तिच्या बहिणीचा मुलगा, लग्नांचे फोटो काढणारा. त्याने नुकतीच सगळी सामग्री बदलली होती, आणि जुना मोठा डीएसएलआर कॅमेरा कपाटात पडून होता.

"मावशी, घेऊन जा," तो म्हणाला. "पण लग्नांनी शिणलेला आहे हां तो."

त्याने तिच्या डोळ्याला कॅमेरा लावला. समोरचं घड्याळ कॅमेऱ्यातल्या आरशातून थेट तिच्या डोळ्यात आलं, स्वच्छ, काटा सरकताना दिसत होता. छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र अर्धा क्षण मागे रेंगाळायचं. इथे तसं काही नव्हतं. क्लेमेंटीनने रस्त्यावरच्या पाट्या बघितल्या, समोरच्या बेकरीतला माणूस बघितला, शेल्डनच्या नाकावरचा तीळ बघितला. लेस घ्यायची राहूनच गेली.

घरी आल्यावर मात्र निराशा झाली. एवढा मोठा कॅमेरा, पण मुंगळ्याच्या वीतभर जवळ गेलं की लेन्स घरघर करायची, मागेपुढे व्हायची आणि सगळं धुरकट. मागे सरकलं की मुंगळा तांदळाएवढा. छोटा कॅमेरा निदान बोटभर अंतरावर तरी जात होता.

तिने शेल्डनला फोन लावला. "अरे, मोठा म्हणून दिलास आणि ह्याला जवळचं दिसत नाही!"

"मावशी, त्याला मॅक्रो लेन्स लागते. ती वेगळी घ्यावी लागेल. महाग असते."

तिने फोन ठेवला. लेन्सवर बोटांचे ठसे उमटले होते, म्हणून ती काढून मांडीवर पुसायला घेतली. पुसताना स्वच्छ झाली का ते बघायला डोळ्याजवळ धरली, ती उलटी. खाली मांडीवर नवरीच्या गाऊनचं सॅटिन होतं. ते सॅटिन नव्हतंच आता. दोरखंड एकमेकांवरून खाली-वर गेलेले दिसत होते, आणि तिचा स्वतःचा टाका बांबूएवढा जाड.

मग तिने उलटी लेन्स तशीच कॅमेऱ्याच्या तोंडावर धरली आणि बटण दाबलं. पडद्यावर लेन्सचा आकडा यायचा तिथे नुसती दोन शून्यं आली, पण फोटो निघाला. सॅटिनचे तीन धागे स्पष्ट, बाकी सगळं धुकं.

शेल्डनला कळलं तेव्हा तो ओरडलाच. "मावशी, आत धूळ जाईल!"

"जाणार नाही," ती म्हणाली, आणि काळ्या मखमलीची एक आखूड बाही शिवून, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घालून तिने लेन्स आणि कॅमेरा घट्ट जोडून टाकले.

काळूराम रविवारी येणार होता. गुरुवार, शुक्रवार मुंगळा पळत राहिला. लेन्स फिरवून उपयोग नव्हता. श्वास रोखून स्वतःलाच केसभर पुढे-मागे व्हावं लागे. शनिवारी नऊच्या उन्हात तो एका पानाच्या कडेवर थांबला आणि तिच्याकडे वळला. तिने बटण सोडलंच नाही. कॅमेरा खटखट वाजत राहिला.

पन्नासेक फोटोंत एक बरोबर आला. तिने तो संगणकावर उघडला आणि पाय मोजले. आठ. पुन्हा मोजले. पुढचे दोन पाय त्याने मिशांसारखे हवेत धरलेले होते. कपाळावर दोन मोठे काळे गोल डोळे सरळ तिच्याकडे बघत होते. आणि तोंडातलं ओझं त्याच्या तोंडातूनच निघालं होतं.

"गॉडफ्रे! इकडे ये!"

गॉडफ्रे झाडांना पाणी घालायचा पाइप टाकून चिखलाच्या पायांनी आला.

"हा मुंगळा नाहीच," ती म्हणाली. "कोळी आहे. ते ओझं नाही, त्याचे जबडे आहेत. खाली ठेवणार कसा?"

गॉडफ्रेने खुर्ची ओढली. "आणि हे काळे ठिपके?"

"जबड्यांच्या टोकांवर. लांबून बघितलं की ते उचललेल्या मुंगळ्याचे डोळे वाटतात."

तो पडद्याजवळ वाकला. "म्हणजे मुंगळ्यांना वाटतं हा आपलाच?"

"तेच तर बघायचंय मला."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून ते घरी आले तेव्हा काळूराम झाडाखाली उभा होता. गॉडफ्रेने त्याला फोटो दाखवला. काळूराम हसला. "म्हनूनच चावत नाय," एवढंच म्हणाला. मग गॉडफ्रेने हात वर करून वाटेवरच्या फांद्या दाखवल्या. "ह्या साफ कर. पडवीकडच्या दोन राहू देत. तिकडचे आंबे गेले तर गेले."

क्लेमेंटीन कॅमेरा आणायला आत गेली.

पुढचे तीन आठवडे ती रोज सकाळी तासभर त्या दोन फांद्यांपाशी असायची. गाऊनला दोन दिवस उशीर झाला. नवरीच्या आईला तिने फोटो दाखवले, तर ती बाईच चहा विसरून बघत बसली. क्लेमेंटीनच्या लक्षात एक गोष्ट आली. खरा मुंगळा जवळ आला की कोळी बाजूला होई. अगदीच समोरासमोर आला तर उडी मारून दुसऱ्या पानावर.

"तो त्यांना घाबरतो," एका सकाळी ती गॉडफ्रेला म्हणाली. "ते त्याला फसत नाहीत. मग हा वेष कोणासाठी?"

गॉडफ्रेच्या हातात केळीच्या पानांचा भारा होता. तो तसाच थांबला. पडवीच्या पत्र्यावरून एक लहानसा पक्षी फांदीवर आला, मुंगळ्यांची रांग आणि शेजारचा कोळी बघून मान वाकडी केली आणि काही न टिपता उडून गेला.

दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं.

"पुन्हा येईल का तो?" गॉडफ्रेने हळूच विचारलं.

"शू," क्लेमेंटीन म्हणाली, आणि मखमलीची बाही काढून तिने पक्ष्यासाठी लेन्स सुलटी लावली.